पान चाळीसवरचं बेर्दिके

१

मे महिन्यात आलेल्या एका पत्राला मी सप्टेंबर संपत आला तरी उत्तर दिलं नव्हतं. पत्र दोनच पानांचं होतं आणि अक्षर स्वच्छ होतं. मी ते इतक्या वेळा वाचलं होतं की घडीवर कागद फाटायला आला होता.

"आगाय," असं त्यात होतं (आमच्याकडे शिक्षकाला आगाय म्हणतात), "तुमच्या पुस्तिकेत पान चाळीसवर संग्रहालयाच्या तिसऱ्या कपाटातल्या हत्याराबद्दल लिहिलंय. रक्त काढायचं ते. एका माणसाच्या हातून त्या हत्यारानं कुणीतरी मेलं आणि लोकांनी हिणवायला हत्याराला त्याचंच नाव ठेवलं, असं तुम्ही म्हणता. हे तुम्हाला कुठून कळलं? त्या माणसाच्या वंशातल्या माझ्या मुलाचं लग्न ठरत आलंय. मुलीकडच्यांनी तुमचं पान वाचलं आणि ते थांबलेत. खुन्याच्या घरात मुलगी द्यायची नाही म्हणतात. कळप डोंगरावरून उतरले की संग्रहालयातली पाटी स्वतः वाचायला येणार आहेत. तुमची खात्री असेल तर तसं लिहा. नसेल तर तेही लिहा. उत्तर संग्रहालयाच्या पत्त्यावर पाठवा, मी तिथून घेईन. एक आई."

हत्याराचं नाव बेर्दिके. बाकी सगळीकडे त्याला नस्तर म्हणतात. घोड्याची किंवा माणसाची शीर उघडायचं छोटं पातं. पण आमच्या कोंगुरजारच्या आसपासच्या तीन खोऱ्यांत त्यातल्या एका प्रकाराला बेर्दिके म्हणतात. शिंगाच्या मुठीत पातं घडी होऊन बसतं, तो प्रकार. 'जुन्या अवजारांची नावे' ही माझी एकशे बारा पानांची पुस्तिका. लिहायला एकोणीस वर्षं लागली. दोनशे प्रती छापल्या, त्यातल्या एकशे चाळीस अजून माझ्या पलंगाखाली आहेत.

उत्तर न देण्याचं कारण मी स्वतःला असं सांगत होतो: हे पत्र सुलतानालीनं लिहिलंय. सुलतानाली म्हणजे संग्रहालयाचा संचालक, माझा जुना विद्यार्थी. मला चिडवणं हा त्याचा फावल्या वेळचा धंदा. एकदा त्यानं मला राजधानीतून आल्यासारखं सन्मानपत्र पाठवलं होतं आणि मी दोन दिवस भाषणाची तयारी केली होती. उत्तर संग्रहालयाच्या पत्त्यावर पाठवा, म्हणे! मी पुन्हा हसं करून घेणार नव्हतो.

खरं कारण वेगळं होतं. माझी खात्री नव्हती. ती गोष्ट मला शुक्रवारच्या बाजारात एका खोगीरविक्यानं हसत हसत सांगितली होती.

२

त्या शुक्रवारी सकाळी सुलतानाली माझ्या दारात उभा राहिला. अंगणातून बूट न काढताच त्यानं हाक मारली.

"आगाय! बेर्दिके गेलं!"

"कुठे?"

"ते कळलं असतं तर तुमच्याकडे आलो असतो का? चोरीला गेलं. चला."

"मी काय करू येऊन? मिलिशियाच्या पोलिसांना सांग."

"मिलिशियाला सोमवारी सांगीन. तुम्ही जन्मभर रहस्यकथा वाचल्यात. वाचनालयातल्या एकेका पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं 'मला आधीच कळलं होतं' असं कोण लिहायचं?"

मी कान लाल करून गेलो.

तिसरं कपाट फुटलेलं नव्हतं. कुणीतरी किल्लीनं उघडून परत नीट कुलूप लावलं होतं. किल्ली तिकिटाच्या टेबलामागे खिळ्याला असते. कुणीही घ्यावी, इतकी उघडी. हत्यार ठेवलेल्या जागी निळ्या मखमलीवर त्याच्या आकाराचा गडद डाग उरला होता. पाटीही गेली होती. आणि त्या डागावर, अगदी मधोमध, एक बोर्सोक होता. तळलेल्या पिठाचा, बोटभर लांब, टम्म फुगलेला.

"काल शाळेची पोरं आली होती," सुलतानाली म्हणाला. "कुणीतरी खाता खाता टाकला."

"बंद कपाटात?"

"पोरं काहीही करतात हो!"

"किल्लीनं कपाट उघडून, बोर्सोक ठेवून, परत कुलूप लावून?"

तो उचलून कचऱ्यात टाकायला निघाला. मी त्याच्या हातातून घेऊन रुमालात बांधला. वैताग असा की माझ्याकडे तो एकच स्वच्छ रुमाल होता.

"नेमकं आत्ता जायचं होतं," तो कपाळाला हात लावून म्हणाला. "रविवारी चोंगकाराहून सहा माणसं येणार आहेत. खास ती पाटी वाचायला! परवा फोन आला. कळप उतरलेत, आता मोकळे आहोत, म्हणाले. आपल्या संग्रहालयात पाटी वाचायला कधी कुणी आलंय का, आगाय? मी तर खूश झालो होतो. हे एवढं काय विशेष आहे त्या पाटीत?"

मी भिंतीला टेकलो. त्याच्या चेहऱ्यावर खोडी नव्हती. त्याला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

पत्र खरं होतं.

३

गुरुवारी तिसऱ्या कपाटाजवळ तीन माणसं गेली होती. निवृत्त पशुवैद्य जोल्चू, पाचवीचा वर्ग घेऊन आलेल्या दामिरा बाई, आणि तिकिटं देणारी, झाडलोट करणारी अनिपा. माणसांशी बोलायचं म्हटलं की मी रस्ता बदलतो. शनिवार दुपारपर्यंत मी तिघांशीही बोललो, हे माझं मलाच अजून खरं वाटत नाही.

जोल्चू तबेल्यात घोडीच्या खुराला तेल लावत होता.

"बेर्दिके? मी मागून मागून थकलो तुझ्या त्या सुलतानालीकडे," तो म्हणाला. "माझ्याकडे अकरा नस्तरं आहेत, बेर्दिके एकही नाही. मी नेलं असतं तर पाटी कशाला नेली असती? मला वाचायला चष्मा लागतो."

"काल अर्धा तास तिथे बसला होतास म्हणे."

"पाय दुखत होते. तिथे बाक आहे." मग त्याला रुमालातल्या बोर्सोकचा वास आला आणि तो ओठ चाटत म्हणाला, "मेंढीच्या चरबीत तळलाय. बाजारचा नाही, घरचा. खाणार नसशील तर दे."

"हा पुरावा आहे!"

"पुरावा म्हणे! आमची कालिमावहिनी असती तर हसून लोळली असती. काय बाई होती! तुझ्या थोरल्या भावाचं नाव कुमुश, म्हणजे चांदी, म्हणून छत्तीस वर्षांत एकदा चांदीला चांदी म्हणाली नाही. 'पांढरं' म्हणायची. आम्ही मुद्दाम विचारायचो, वहिनी, माझ्या लगामावर हे काय मढवलंय?"

गेलेल्या बायकोची आठवण असल्या माणसाकडून निघावी, ह्यापेक्षा त्रासदायक काही नसतं. मी चहा न घेता निघालो.

दामिरा बाईंनी मला शाळेच्या ओसरीवरच फैलावर घेतलं.

"बरं झालं गेलं ते बेर्दिके! दहा वर्षांच्या पोरांना मी काय सांगायचं? हे बेर्दिके, ह्याला एका खुन्याचं नाव? एका मुलीनं तर बेर्दिके, बेर्दिके करत वर्गभर पोरांच्या मनगटावर पेन्सिल टोचली. ही तुमचीच कृपा ना, आगाय?"

"पोरांनी बोर्सोक आणले होते?"

"सफरचंदं आणली होती. मी मोजून दिली होती आणि मोजून बिया गोळा केल्या. आणखी काही?"

आणखी काही नव्हतं. असलं तरी विचारायची छाती नव्हती.

अनिपा संग्रहालयाच्या पायऱ्या धूत होती. पन्नाशीची, उंच बाई. आठ वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर खिंडीपलीकडून मुलाला घेऊन इथे आली. एवढंच मला माहीत होतं. मला शेजाऱ्यांची नावंही विचारून घ्यावी लागतात.

"पाय उचला, आगाय. ओलं आहे."

"अनिपा, गुरुवारी संध्याकाळी कपाट नीट होतं?"

"मी रोज पुसते. तिसऱ्या कपाटात वरच्या फळीवर लोकर कातरायची कात्री, घोड्याचा चाप, हाडाचा कंगवा. मधल्या फळीवर मिठाची पिशवी, दुधाची कातडी बाटली, गरुडाची टोपी. खाली तराजू, विस्तवाचा चिमटा, आणि ते."

"ते म्हणजे?"

"तेच. गेलेलं."

"तुला कुणावर संशय?"

"मला? मी तिकिटं फाडते. संशय घ्यायला पगार मिळत नाही." तिनं फडकं पिळलं. "तुम्हाला काय वाटतं? सापडेल रविवारच्या आत?"

"सापडलंच पाहिजे. चोंगकाराचे लोक येणार आहेत."

"पाटी नसली तर काय वाचणार ते!" ती म्हणाली आणि बादली उचलून इतक्या झटक्यानं आत गेली की माझ्या बुटांवर पाणी आलं.

४

घरी येऊन मी ओले बूट चुलीपाशी ठेवले आणि पत्र पुन्हा काढलं. बाहेर लख्ख ऊन होतं. खिडकीत बसून मी ते शब्द न् शब्द वाचलं, आणि नेहमीसारखा वैतागलो. ही बाई मला एका नावाबद्दल विचारते आणि ते नाव दोन पानांत एकदाही लिहीत नाही! "ते हत्यार", "तो माणूस", "रक्त काढायचं ते". ह्याच वैतागात मी चार महिने काढले होते. असल्या गोलगोल लिहिण्यामुळेच तर मला ही सुलतानालीची थट्टा वाटली होती.

मग मी कपाळावर हात मारून घेतला. अगदी खरोखर मारला, चष्मा पडला.

छत्तीस वर्षं ज्याच्या घरात चांदीला पांढरं म्हटलं गेलं, त्याला हे दिसू नये?

नवऱ्याच्या घरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सून तोंडानं घेत नाही. सासऱ्याचं, आजेसासऱ्याचं, त्याच्याही मागच्याचं. कागदावरही लिहीत नाही. पत्र लिहिणारी आई त्या घरची मुलगी नव्हती, सून होती. बेर्दिके हे तिच्या नवऱ्याच्या पूर्वजाचं नाव.

आता तिघांना शेजारी उभं केलं. जोल्चूनं नाव घेतलं. दामिरा बाईंनी तर एका दमात किती वेळा घेतलं. अनिपानं अख्खं कपाट पाठ म्हणून दाखवलं. विस्तवाच्या चिमट्यापर्यंत एकेका वस्तूचं नाव घेतलं, आणि शेवटी म्हणाली, "आणि ते."

बोर्सोकचंही मग सरळ झालं. गुरुवारी आमच्याकडे घरोघरी मेलेल्या पूर्वजांसाठी चरबी तापवून बोर्सोक तळतात, तळणाचा वास वर पोचावा म्हणून. परक्या चोराला त्या जागेचं काय पडलंय? घरच्या पूर्वजाची वस्तू उचलणाऱ्या सुनेला मात्र जागा रिकामी ठेववत नाही. संग्राहकानं हत्यार नेलं असतं, पाटी ठेवली असती. पाटीवर चिडलेलीनं पाटी फाडली असती. दोन्ही एकत्र जपून नेणारं माणूस त्या घरचंच हवं.

मला आनंद व्हायला हवा होता. पहिल्यांदाच शेवटचं पान वाचण्याआधी मला कळलं होतं. पण चोर मी शोधला होता खरा, आणि तिला चोर बनवलं कुणी, तेही त्याच पत्रात लिहिलेलं होतं.

५

अनिपाचं घर नदीकाठी होतं. तिनं दार उघडलं, माझ्या हातातला रुमाल पाहिला आणि बाजूला झाली.

"या. चहा तयार आहे. तुम्हाला चार महिने लागले, चहाला तेवढे लागणार नाहीत."

मी बसलो. तिनं पिठाच्या पेटीतून कापडात गुंडाळलेलं हत्यार आणि पाटी काढून माझ्यापुढे ठेवली.

"तू मला तोंडी का नाही विचारलंस? मी रोज समोरून जातो."

"तोंडी काय विचारू? ज्याच्या नावाची बाजू घ्यायची ते नावच मला घेता येत नाही. पोराला मी सांगितलं नाही, तो शहरात आहे, ऐकलं तर तुमच्या घरी येऊन काचा फोडेल. म्हणून लिहिलं. रोज टपाल मीच घेते. रोज बघत होते."

"मला वाटलं सुलतानाली..."

"काय?"

"काही नाही." ती थट्टेची गोष्ट मला त्या घरात उच्चारता येईना. "नाव कशावरून पडलं, सांग."

"उघडा ना ते. पुस्तक लिहिलंत, कधी उघडून पाहिलंत?"

नव्हतं पाहिलं. कपाटात ते नेहमी मिटलेलं असायचं आणि काढून मागायला मला संकोच वाटायचा. मी मुठीतून पातं ओढलं. टोकापासून जवाच्या दाण्याएवढ्या अंतरावर पात्याला दोन्ही बाजूंनी लोखंडाची जाड कड होती. मी माझ्या अंगठ्यावर हलकेच दाबून पाहिलं. कड कातड्याला टेकली आणि पातं थांबलं.

"सासूबाई सांगायच्या," अनिपा म्हणाली, "आधी साधंच नस्तर असायचं. हात घसरला की संपलं. त्या म्हाताऱ्याचा स्वतःचा भाऊ तसाच गेला, दुसऱ्याच कुणाच्या हातून. मग लोहारकाम येत होतं म्हणून त्यानं ही कड बसवली. तीन खोऱ्यांतले लोक रक्त काढायचं झालं की म्हणायचे, साधं नको, त्याचं आणा. त्याचं आणा, त्याचं आणा, करत त्याचं नावच राहिलं. तुम्ही लिहिलंत की नाव हिणवायला ठेवलं. आगाय, हिणवायचं असतं तर त्याचं हत्यार कुणी मनगटाला लावू दिलं असतं का?"

मी पाटीकडे पाहिलं. तिच्यावर लिहिलं होतं, ह्या हत्यारानं बेर्दिके नावाच्या माणसानं एकाचा जीव घेतला.

"मी 'असं म्हणतात' असं लिहिलं होतं," मी पुटपुटलो. "पान चाळीसवर. वाक्याच्या शेवटी."

"पाटीवर नाही."

नव्हतं. सुलतानालीला नंतर विचारलं तेव्हा तो म्हणाला, पाटी छोटी होती, दोन शब्द बसेनात. एका घराची अब्रू दोन शब्दांवर टांगलेली होती आणि ह्याला जागा नव्हती! पण त्याच्यावर तरी कशाला चिडू? ते दोन शब्द मी आडोसा म्हणूनच वापरले होते.

"उद्या ते येतील," अनिपा म्हणाली. "मला माहीत होतं, चोरून काही होणार नाही. तीन दिवस फक्त पाटी कुणी वाचू नये असं वाटलं. तुम्ही उद्या बोलाल?"

"सहा माणसांसमोर?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं चहा परत ओतला.

६

चोंगकाराहून सहा जण आले. त्यांच्यात मुलीचा मामा होता, खांदे फुगवून चालणारा. आणि मुलीची आजी बुर्माकान, ऐंशीची, काठीवर हनुवटी टेकून बसणारी. हत्यार परत कपाटात होतं, पाटी नव्हती. सुलतानालीला मी सकाळी एवढंच सांगितलं की चोरी नव्हती, चूक होती आणि ती माझी होती. हे तो पुढची दहा वर्षं सगळ्यांना सांगणार.

मी उभा राहिलो. मी म्हणालो, पुस्तिकेतलं मी बाजारात ऐकलं आणि छापलं. हत्यार हातात घेतलं नव्हतं. मग पातं उघडून कड दाखवली आणि सांगितलं की हे जवाच्या दाण्यापेक्षा खोल जाऊच शकत नाही. माझ्या टिपणांत तिन्ही खोऱ्यांत बेर्दिके हे नाव फक्त ह्या घडीच्या पात्यालाच आहे, साध्याला कुठेही नाही. ज्यानं कड बसवली त्याचं नाव त्याला मिळालं.

"वा!" मामा म्हणाला. "तेव्हा खुनी, आज साधू. आगाय, तुमचं काय खरं धरायचं? तेव्हाचं छापील की आजचं तोंडी?"

प्रश्न रास्त होता. मी हातातलं हत्यार घेऊन तसाच उभा राहिलो आणि मला स्पष्ट दिसलं की एमिलचं, अनिपाच्या मुलाचं, लग्न माझ्या डोळ्यांदेखत मोडतंय.

बुर्माकाननं काठी आपटली. "ए, तिकिटवाली. मुलाची आई तू ना? इकडे ये. आगाय, ते हिच्या हातात द्या." अनिपानं ते दोन्ही हातांनी घेतलं. "आता सांग, ह्याला काय म्हणतात?"

अनिपा खाली बघत राहिली.

"सांग की. एवढंसं तर नाव आहे."

अनिपाच्या कानापर्यंत रक्त चढलं. मला ओरडून ते नाव सांगावंसं वाटलं.

"बघा!" मामा हसला. "हिला घरच्या हत्याराचं नाव ठाऊक नाही."

"गप रे," म्हातारी म्हणाली. "ठाऊक आहे म्हणून तर तोंड मिटलंय. सासू कधी गेली, पोरी?"

"अकरा वर्षं झाली."

"नवरा?"

"आठ."

"मग तू ते नाव घेतलंस तर ऐकायला आहे कोण?"

"मी आहे ना," अनिपा म्हणाली.

बुर्माकाननं हात पुढे करून ते हत्यार घेतलं, नखानं कड चाचपली आणि परत दिलं.

"खुन्याचं नाव असं कुणी जपत नाही," ती मामाला म्हणाली. "ज्या घरात भिंतींसमोरसुद्धा मान राखतात, तिथे आमची नात उपाशी मरणार नाही. चहा आहे का गं कुठे, की नुसती तिकिटंच देता?"

मामाचे फुगलेले खांदे उतरले. अनिपा चहा ठेवायला पळाली. मी बाकावर बसलो.

जाताना म्हातारी माझ्यापाशी थांबली. "आगाय, मी ऐकलं, मला पुरतं. पण नातवंडं कागद वाचतील. कागदावर काय आहे अजून?"

"पान चाळीस," मी म्हणालो.

"मग?"

७

सोमवारी मी पत्र लिहिलं. अकरा कागद फाडले. बारावा ठेवला:

"एका आईस. तुमचं मे महिन्याचं पत्र मिळालं होतं. तुम्ही विचारलं होतं, माझी खात्री आहे का. नव्हती. पान चाळीसवर मी लिहिलं ते खोटं आहे. बेर्दिके हे नाव त्या माणसाचं आहे ज्यानं नस्तराला कड बसवली, म्हणजे कुणाचा हात घसरला तरी जीव जाऊ नये. लोकांनी ते मानानं ठेवलं. माझ्याकडच्या एकशे चाळीस प्रतींत मी हे हातानं लिहून पान चाळीस बदलतो आहे. प्रती विकत घेतलेल्या साठ जणांनाही कळवतो आहे. हे पत्र कुणालाही दाखवा. उत्तराला उशीर झाला. सागिन, निवृत्त शिक्षक."

टपाल कचेरीतल्या मुलीनं पाकिटावरचा पत्ता वाचला आणि खिडकीबाहेर पाहिलं.

"आगाय, संग्रहालय समोर आहे. रस्ता ओलांडा आणि हातात द्या."

"टपालानंच जायला हवं."

"उद्या दुपारी पोचेल. दोन मिनिटांचं काम आहे!"

"शिक्का मारा," मी म्हणालो. "तारीख नीट उमटू दे."

तिनं मान हलवत शिक्का मारला आणि पाकीट पिशवीत टाकलं.